पेटी मांडीवर आहे

३ जानेवारी

भिंगरी,

मायना गाळला आहे. चार वर्षांनी 'सप्रेम' लिहिलं तर खोटं वाटेल आणि नुसतं नाव लिहिलं तर हेडबाईंनी बोलावल्यासारखं. त्यातल्या त्यात हेडबाई बऱ्या.

आधी कामाचं. तुझ्या रक्ताच्या दुखण्यासाठी तपासलेल्या माझ्या पेशी तुझ्याशी जुळल्या. तुझ्या नवऱ्याने सांगितलं असेलच, पण ही बातमी तुला माझ्याकडून मिळावी असं मला वाटलं. फोन आला तेव्हा मी शिडीवर होते, एका गिऱ्हाइकाच्या बैठकीच्या खोलीत पडद्याची दांडी बसवत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण जुळतंय. सख्ख्या बहिणींचंही दर वेळी असं जुळत नाही."

मी म्हटलं, "आमचं दुसऱ्या कशातच जुळत नाही, म्हणून सगळं इथे शिल्लक राहिलं असेल."

त्या हसल्या नाहीत. मग विचारतात, "तुम्हा दोघींचं बोलणं आहे ना?"

"रक्तापुरतं आहे," मी म्हटलं.

औषधांमुळे तुझे डोळे दुखतात, स्क्रीनकडे बघवत नाही, असं तुझा नवरा म्हणाला. म्हणून मी कागदावर लिहून फोटो त्याला पाठवते आहे, तो वाचून दाखवेल. मी फोन करणार नाही. फोनवर मी रडेन नाहीतर भांडेन, आणि तुला सध्या दोन्ही सोसणार नाही.

मी स्वतः येणार होते. व्हिसाचा अर्ज केला, मुलाखतीला गेले. खिडकीपलीकडच्या साहेबाने विचारलं, "तुम्ही परत याल कशावरून?" मी म्हटलं, "दुकान आहे. वडील आहेत." त्याला ते पुरेसं वाटलं नसावं. अर्ज विचाराधीन आहे. आणि तुझे डॉक्टर म्हणतात, तेवढं थांबता येणार नाही. तेव्हा पेशी मी इथेच देणार, आणि एक बाई त्या पेटीत घालून, हातात धरून, विमानाने तुझ्यापर्यंत आणणार. मी इथे, माझा माल तिकडे. दुकानात रोज तेच करते म्हणा.

बाबांना हे पटतच नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस. मला समोर बसवून उलटतपासणी घेतली.

"लांब किती?"

"बारा हजार किलोमीटर."

"थांबे?"

"एकच. पहिलं विमान नऊ तासांचं, मग तीन तास थांबायचं, मग दुसरं सहा तासांचं."

ते बराच वेळ टेबलावर बोट ओढत बसले, जसं काही तिथे रस्ता आहे. मग म्हणाले, "आणि मध्ये बाजूला घेता येत नाही."

"कोणाला?"

"विमानाला गं. बस कशी, काही बिघडलं की कडेला घेता येते. हे वर कुठे उभं करणार?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पेशी थंड पेटीत दोन दिवस छान राहतात. तिसऱ्या दिवसाचा भरवसा नाही. म्हणजे अठरा तासांच्या प्रवासाला वेळ भरपूर आहे. मी बाबांना हेच सांगितलं, वेळ भरपूर आहे. तुलाही तेच सांगते.

आणि माझा राग गेला असं समजू नकोस. पेशी देतेय. राग माझ्याकडेच आहे.

ताई


१२ जानेवारी

भिंगरी,

इंजेक्शनं सुरू झाली. रोज सकाळी दंडात एक. त्याने हाडांच्या आतला माल बाहेर रक्तात येतो म्हणे, मग तो यंत्राने गाळून घ्यायचा. त्रास काही नाही. जरा अंग दुखतं, एवढंच.

(बाबा मागे उभे राहून वाचतायत आणि म्हणतायत, "खरं लिही." बरं. काल कात्री हातात धरवेना. कंबर अशी ठणकते की कुणी आतून पोतं भरतंय असं वाटतं. बैठकीच्या खोलीचे ते निळे पडदे बाबांनी कापले. सरळ कापले, पण प्रत्येक वेळी कात्री चालवण्याआधी डावी-उजवीकडे बघत होते. आता खरं लिहिलं. आता ते गेले.)

तुझ्या नवऱ्याने काल फोनवर सांगितलं की तुला जोराची औषधं सुरू झाली आहेत. मी विचारलं, म्हणजे नक्की काय करतात? तो म्हणाला, "ताई, तिचं स्वतःचं रक्त तयार होणं पूर्ण बंद करतात. शेत नांगरून मोकळं करावं तसं. मग तुमच्या पेशी तिथे रुजायच्या."

"आणि माझ्या पोचल्या नाहीत तर?"

"पोचतील ना."

"पण नाही पोचल्या तर? जुनं परत सुरू होतं का?"

"नाही," तो म्हणाला. "आता मागे फिरता येत नाही."

इतक्या साध्या आवाजात म्हणाला! गाडी सुटली, एवढंच सांगत असल्यासारखा. मला त्याचा पहिल्यांदाच भरवसा वाटला. अजून मी त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तुमच्या लग्नाचे फोटो बाबांनी दाखवले होते, मी 'छान' म्हणून खोलीबाहेर गेले होते.

त्या फोननंतर माझं काय झालंय ते तुला सांगायला हरकत नाही, तू हसशील. मी घाबरट झाले आहे. माझ्याच जिवाला मी जन्मात इतकी जपले नसेन. शिडीवर चढत नाही. आंघोळीला जाताना भिंत धरते. रस्ता ओलांडायचा म्हटलं की पाय जमिनीला चिकटतात, कारण मला आज एखाद्या मोटारीने उडवलं तर मी एकटी मरणार नाही. बाबा माझ्याबरोबर दवाखान्यापर्यंत येतात आणि फुटपाथच्या रस्त्याकडच्या बाजूने चालतात, हात थोडे पसरून. काल समोरून सायकलवाला आला तर त्याच्यावर असे ओरडले की तो बिचारा सायकलवरून उतरून चालायला लागला. दुकानात एक गिऱ्हाईक शिंकलं. बाबांनी त्याला बाहेर काढलं. पडद्याचं माप बाहेरूनच सांगा म्हणाले.

बाबांनी आधी स्वतःची तपासणी करायला लावली होती, हे तुला माहीत नसेल. "तिला माझंच द्या, मी तसाही काय करतो आता," म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी वय विचारलं आणि नको म्हटलं. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. जणू मी त्यांची जागा पटकावली.

तू जेवतेस का? तोंड आलंय असं तो म्हणाला. बर्फाचे तुकडे चघळत राहा, इथल्या नर्सने सांगितलंय.

चौदा तारखेला माझ्याकडून घेतील. त्याच दिवशी विमान.

ताई


१४ जानेवारी, संध्याकाळ

भिंगरी,

झालं. निघालं. आकाशात आहे.

सकाळी मला पलंगावर आडवं केलं आणि दोन्ही हातांत सुया घातल्या. एका हातातून रक्त बाहेर, यंत्रातून फिरून दुसऱ्या हातातून आत. हात हलवायचे नाहीत. पाच तास. पहिल्या तासातच नाकाला खाज सुटली. नर्सला किती वेळा सांगणार? शेवटी बाबांना आत येऊ दिलं, तर ते खुर्ची घेऊन बसले आणि माझं नाक खाजवायचं काम एवढ्या गांभीर्याने करायला लागले की नर्स तोंड फिरवून हसत होती.

पिशवी भरली ती हातावर मावेल एवढीशी. मला वाटलं होतं, घागरभर तरी असेल. रंग टोमॅटोच्या रसासारखा. मी म्हटलं, "एवढंच?" नर्स म्हणाली, "एवढंच लागतं."

मग ती बाई आली. पेटीवाल्या बाई. मी तिच्याबद्दल काय काय कल्पना केल्या होत्या, गणवेश असेल, बरोबर दोन माणसं असतील. आणि आली एक साठीच्या घरातली बुटकी बाई, पायात खेळाचे बूट, केस बारीक कापलेले. पूर्वी शाळेत खेळ शिकवायची. निवृत्त झाल्यावर हे काम करते, हौसेने. पेटी निळी, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, वर एक छोटा आकडा चमकतो: आत किती थंड आहे ते. चार.

मी तिला अगदी छळलं.

"तुम्हाला झोप लागली तर?"

"पट्टा मनगटाला बांधलेला असतो."

"संडासला जायचं झालं तर?"

"पेटीसकट जाते."

"आणि ती तपासणीची यंत्रं असतात, त्यातून घातली तर?"

"घालू देत नाही. माझ्याकडे पत्र आहे आणि आवाजही आहे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "बाई, मी शाळेच्या सहलीला शंभर शंभर पोरं नेऊन परत आणलीत. ही पेटी निदान पळत तरी नाही."

मला रडू आलं. सुया अजून काढलेल्या नव्हत्या, डोळे पुसता येईनात. बाबांनी पुसले. मग बाबा उठून तिच्यापुढे उभे राहिले. मला वाटलं आता थांबे विचारतील. त्यांनी फक्त विचारलं, "पेटी कुठे ठेवणार?"

"मांडीवर," ती म्हणाली. "पूर्ण वेळ."

बाबांनी मान डोलावली आणि ते बसले.

तिने माझा नंबर घेतला. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर कळवते म्हणाली. नियमात बसत नाही, पण कळवते.

आता मी घरी आहे. अंगात ताकद नाही पण हाडं शांत झाली. बाबांनी फोनवर ते विमानांचं चित्र लावायला शिकून घेतलंय, नकाशावर पिवळी विमानं सरकतात ते. आपलं विमान समुद्रावर आहे. बाबा दर थोड्या वेळाने सांगतात, "आलं बघ पुढे." मला तर ते जागच्या जागी दिसतं.

उद्या या वेळेपर्यंत तुझ्या दारात असेल.

ताई


१५ जानेवारी, दुपार

भिंगरी,

हे पत्र तुझा नवरा तुला आज वाचून दाखवणार नाही. मीच त्याला बजावलंय. तू वाचशील तेव्हा सगळं पार पडलेलं असेल. तसंच समजून लिहितेय.

मधल्या शहरात बर्फाचं वादळ आहे. काल काही नव्हतं. आज पहाटेपासून सुरू झालं, विमानतळ बंद. आपलं विमान तिथे पोचलं आणि वर घिरट्या घालायला लागलं. बाबांनी मला हाक मारली. नकाशावर ते पिवळं विमान गोल गोल फिरत होतं, एका जागी. बाबा म्हणाले, "काय करतोय हा? उतरव ना." मग म्हणाले, "दिसत नसेल त्याला काही. उतरवू नको रे, दिसत नसेल तर उतरवू नको." दोन्ही त्यालाच सांगत होते.

मग विमान वळलं. दुसऱ्याच दिशेला. भलत्याच एका गावाला उतरवलंय, ज्याचं नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही.

पेटीवाल्या बाईंचा निरोप आला: "उतरलो. पेटी मांडीवर आहे. चार."

मी लगेच फोन केला. मागे माणसांचा गलका. त्या म्हणाल्या, "कंपनीवाले सगळ्यांना हॉटेलात नेतायत. उद्या बघू म्हणतात."

"उद्या कधी?"

"तेच कुणाला माहीत नाही. मी नाही जात हॉटेलात. काहीतरी बघते."

"काय बघणार?"

"बाई, फोन ठेवा. तुमच्याशी बोलत राहिले तर बघणार कधी?"

ठेवला.

तुझ्या नवऱ्याशी बोलले. तो कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलत होता, आवाज खाली. "तिला सांगू नका," तो म्हणाला. "आज तिला ताप आहे. तिला मी सांगितलंय की सगळं वेळेवर आहे." मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? "ते म्हणतात, उद्या संध्याकाळपर्यंत आलं तर चालेल."

"आणि परवा?"

"ताई, परवाचं विचारू नका."

संध्याकाळ

दुकान उघडलं होतं, घरात बसवेना. एका बाईचे पडदे द्यायचे होते. टीप मारायला बसले आणि अख्खी कड उलट्या बाजूने शिवली. उसवली. पुन्हा उलटीच शिवली. त्या बाई आल्या, काहीतरी रंगाबद्दल बोलत होत्या, मी त्यांना म्हटलं, "तिकडे बर्फ थांबलाय का?" 

निरोप आला. पेटीवाल्या बाईंनी आगगाडी पकडली आहे. दक्षिणेकडे एक मोठं शहर आहे, तिथे बर्फ नाही, तिथून तुमच्याकडे सरळ विमान जातं. गाडी सकाळी तिथे पोचेल. बसायला जागा नाही, दोन डब्यांच्या मधल्या जागेत आहेत. "पेटी मांडीवर आहे," असं लिहिलंय. उभं राहून मांडी कुठून आली? जमिनीवर बसल्या असणार. साठी उलटलेली बाई, परक्या गाडीत, दाराजवळ जमिनीवर, तुला घेऊन.

पेटीतला आकडा पाच झालाय. आठच्या वर जाऊ द्यायचा नसतो. बदलायच्या गोठवलेल्या पिशव्या त्यांच्याकडे आहेत, एक जोड.

बाबा जेवले नाहीत. मीही नाही. दोघांनी एकमेकांना जेवलो म्हणून सांगितलं.

१६ जानेवारी, सकाळ

गाडी पोचली. विमानात जागा मिळाली. कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. "माझ्याकडे आवाज आहे" असं पुन्हा लिहिलंय. आकडा सहा. "दरवाजा बंद होतोय, फोन बंद करते," हा शेवटचा निरोप.

आता सहा तास काहीच कळणार नाही.

भिंगरी, एक सांगते. तू गेलीस तेव्हा मी नकाशात तुझं शहर शोधलं नव्हतं. मुद्दाम. लांब आहे एवढं पुरे होतं, जितकं लांब तितकं बरं, असं वाटायचं. कालपासून त्या नकाशावरची सगळी गावं मला पाठ झाली आहेत. मधल्या समुद्राचं नाव, डोंगरांचं नाव. आणि एवढं सगळं मध्ये का आहे असं वाटून मला त्या डोंगरांचाच राग येतोय. नेहमीसारखा तुझाही येतोय. बारा हजार किलोमीटर कशाला जायचं? चार गल्ल्या सोडून राहिली असतीस तर मी पिशवी हातात धरून चालत आले असते.


१६ जानेवारी, संध्याकाळ

भिंगरी,

तुला एव्हाना माहीत आहे. तुझ्या नवऱ्याने फोन तुझ्या खोलीच्या काचेजवळ धरला होता आणि मी आतलं यंत्र ऐकलं, टिक टिक. तो म्हणाला, "लॅबवाल्यांनी तपासल्या. जिवंत आहेत. चढवतायत." मी विचारलं, "आता काय होतंय?" तो म्हणाला, "काही नाही. पिशवी टांगली आहे. थेंब थेंब जातंय. ती झोपली आहे."

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. दिवे लागतील, घंटा वाजेल, काय ते. आणि तू झोपलेली.

मी दुकानात होते. कापलेल्या पडद्यांच्या ढिगावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. बाबांनी शटर अर्ध्यावर ओढलं, बाहेर कुणाला तरी "आज बंद, आनंदाची गोष्ट आहे" म्हणून सांगितलं. मग आत येऊन माझ्या शेजारी त्या ढिगावर बसले. "पोचली," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पोचली."

पेटीवाल्या बाई तुमच्या दवाखान्याच्या बाकावर आडव्या होऊन झोपल्या म्हणे. नर्सने पांघरूण घातलं.

ताई


२७ जानेवारी

भिंगरी,

अकरा दिवस झाले. तुझ्या रक्तात अजून काही दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, इतक्यात दिसतच नाही, धीर धरा. तुझा नवरा रोज सकाळी फोन करतो आणि 'अजून नाही' म्हणतो. त्याच्या 'हॅलो'वरूनच मला कळतं. बाकीचं बोलणं आम्ही उगाच करतो.

परवा तुला खूप ताप होता. काल धाप लागत होती. हे तो सांगत नाही, मी काढून घेते. आज तो म्हणाला, "ती बोलत नाही कोणाशी. भिंतीकडे तोंड करून असते."

म्हणून आज लिहू नये ते लिहिते. इतके दिवस सगळे तुला गोड बोलतायत, मीसुद्धा. बर्फ चघळ, धीर धर. असं माझ्याकडून ऐकायची तुला सवय नाही, त्यानेच तुला बरं वाटत नसेल.

मला सांग, तू न सांगता का गेलीस? आपण दोघींनी मिळून मोठी जागा बघितली होती. कोपऱ्यावरची, मोठ्या काचेची. मालकाला हो म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिथे उभी, हातात माप घ्यायची फीत, तुझी वाट बघतेय. आणि शेजारच्या दुकानातली बाई मला सांगते, "धाकटीला सकाळी टॅक्सीत बसताना पाहिलं, मोठी बॅग होती." शेजारची बाई! बाबांना माहीत होतं. शेजारणीला माहीत होतं. मलाच नाही. तू तिकडून फोन करायचीस, मी घ्यायचे नाही, कारण तू 'कशी आहेस' विचारायचीस. मला 'कशी आहेस' नको होतं. मला 'का' हवं होतं. अजून हवंय.

आजारी माणसाला असं विचारत नाहीत, मला कळतं. पण तू बरी होणार असशील तर विचारायला हरकत नाही. आणि तू बरी होणार नाहीस हे मी धरूनच चाललेली नाही. तेव्हा उत्तर दे. घाई नाही. पण दे.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

हात थरथरतो म्हणून अक्षर असं. डोळे आता बरे आहेत.

सत्तावीस तारखेचं तुझं पत्र ह्याने वाचून दाखवलं तेव्हा मधलं गाळलं. त्याला गाळताही येत नाही. "धीर धर"वरून एकदम "ताई" वर आला. मी म्हटलं, "माझी बहीण एवढं छोटं लिहीत नाही, फोन इकडे दे." स्वतः वाचलं. एका डोळ्याने. त्यानंतर मी भिंतीकडून तोंड इकडे केलं, कारण मला राग आला होता आणि भिंतीवर राग काढता येत नाही.

तीन दिवसांनी रक्ताच्या तपासणीत नव्या पेशींचा पहिला आकडा दिसला. डॉक्टर म्हणतात त्याचा आणि तुझ्या पत्राचा संबंध नाही. डॉक्टर तुला ओळखत नाहीत.

बर्फाचं मला सगळं माहीत होतं. समोर भिंतीवर टीव्ही आहे, त्यावर दिवसभर तोच विमानतळ दाखवत होते. आणि हा माझ्या उशाशी उभा राहून सांगत होता, "सगळं वेळेवर आहे." त्याचा चेहरा असा झाला होता की मी झोपल्याचं सोंग केलं, त्याला सुटका मिळावी म्हणून. डोळे मिटून पडले होते आणि मनात एकच, ताईला किती त्रास होत असेल. स्वतःची भीती वाटायला वेळच मिळाला नाही. तू दोन्ही कडा उलट्या शिवल्या असशील, हे मला इथे बसून दिसत होतं.

आता 'का'.

मी सांगितलं असतं तर तू ओरडली नसतीस. ओरडली असतीस तर मी सांगितलं असतं. तू एक शब्द बोलली नसतीस आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवं मशीन आणून ठेवलं असतंस, मला हवं होतं तेच. आणि मी राहिले असते. ते मशीन वापरत मी म्हातारी झाले असते आणि तुला कधी कळलंही नसतं की मला पडदे शिवायचे नव्हते. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. मला तुला नाही म्हणता येत नाही, ताई. म्हणून मी पळाले. हे माफीपत्र नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, माझा रक्तगट बदलणार. आता तुझा होणार. मी विचारलं, म्हणजे यापुढे डोकं फिरलं तर ते कोणाचं समजायचं? ते हसले नाहीत. इथे कुणी हसत नाही, कुणी ओरडत नाही. सगळे माझ्याशी इतक्या हळू बोलतात, ताई, जसं काही मी आधीच गेले आहे आणि कुणाला तरी उठवायचं नाही. नर्स हळू, डॉक्टर हळू, हा तर कुजबुजतोच. दार लावतात तेही आवाज न करता.

धोका संपलेला नाही. अंगावर पुरळ आलंय, तुझ्या पेशींना माझं शरीर परकं वाटतंय म्हणे. पुढचे काही महिने असंच, कधी काय होईल सांगता येत नाही. बाबांना यातलं निम्मंच सांग.

व्हिसा मिळाला तर ये. काळजी घ्यायला नको, त्याला माणसं आहेत. भांडायला ये.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

भिंगरी,

व्हिसा दोन आठवड्यांपूर्वीच मिळाला होता. सांगितलं नव्हतं. तू बोलावल्याशिवाय यायचं नाही असं ठरवलं होतं.

शनिवारी निघते. बाबांना पुरळाचं सगळंच सांगितलं, निम्मं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझी बॅग खाली उतरवली.

'मला पडदे शिवायचे नव्हते' म्हणतेस! अगं, मग दहा वर्षं प्रत्येक कापड स्वतः निवडायला कोण हट्ट करायचं? त्या काचेच्या दुकानाचं नाव कोणी काढलं होतं? 'मला नाही म्हणता येत नाही,' म्हणे. तू जन्मल्यापासून दुसरं काही म्हणालीच नाहीस. माझ्याकडे बोलायला इतकं आहे की पंधरा तास विमानात गप्प कशी बसू कळत नाही.

तिथल्या नर्सना आधी सांगून ठेव. आवाज होईल.

ताई